सेव्ह करून ठेवलेले व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. आतील डेटा न गमावता काय करता येईल?

नवखा_प्रशासक (प्रश्न)

नमस्कार. माझ्या संगणकावर विंडोज ११ आहे आणि त्यावर व्हर्च्युअलबॉक्सच्या ७.० या आवृत्तीत उबुंटू २२.०४ चे एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) मी बराच काळ वापरत आलो आहे. होस्टची, म्हणजे मूळ संगणकाची, मेमरी १६ जीबी असून त्यातील ६ जीबी या मशीनला दिलेली आहे. डिस्क डायनॅमिक प्रकारची, कमाल ८० जीबीची आहे आणि मशीनचे दोन स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेतलेले आहेत. आत पोस्टग्रेस्क्यूएलचा एक डेटाबेस आणि रोजच्या कामाच्या स्क्रिप्ट आहेत. काम संपल्यावर मी मशीन पूर्ण बंद करत नाही. विंडो बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' हा पर्याय निवडतो, म्हणजे पुढच्या वेळी सगळी टर्मिनल जशी सोडली होती तशी उघडलेली मिळतात.

अलीकडे विंडोजचे अपडेट आले आणि संगणक रीस्टार्ट झाला. त्याच सुमारास दुसऱ्या एका कामासाठी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) देखील बसवून घेतले. तेव्हापासून हे मशीन सुरू करायला गेले की 'रिस्टोअरिंग'ची पट्टी थोडी पुढे सरकते, तिथेच थांबते आणि सेशन उघडता आले नाही असा संदेश येतो. तपशिलात ई_फेल आणि ०एक्स८०००४००५ हा कोड दिसतो. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे हे मी पाहिले आहे, आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवरही ते 'एनेबल्ड' असेच दिसते. मशीनच्या सेटिंगमध्ये मेमरी किंवा प्रोसेसरची संख्या बदलून पाहावी म्हटले, तर बहुतेक पर्याय राखाडी झालेले आहेत.

शोधल्यावर परस्परविरोधी सल्ले मिळाले. कोणी व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा बसवायला सांगतात, कोणी स्नॅपशॉट पुसायला, तर कोणी हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन यंत्रणा) बंद करायला. यांपैकी कोणता उपाय माझ्या दोषाला लागू आहे हे कसे ओळखावे, आणि डेटाबेसला धक्का न लावता कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

चटकन_उपाय

एवढा शोध घेण्यापेक्षा नवीन व्हर्च्युअल मशीन तयार करावे, डिस्क निवडताना 'आधीपासून असलेली डिस्क वापरा' हा पर्याय घ्यावा आणि जुन्या फोल्डरमधील व्हीडीआय फाइल, म्हणजे आभासी डिस्कची फाइल, जोडावी. मशीन दहा मिनिटांत सुरू होईल. जुने मशीन नंतर पुसून टाकता येईल.

सावध_कन्सोल

वरील सल्ला एरवी ठीक असला, तरी या प्रश्नकर्त्यांनी तो कृपया अमलात आणू नये, कारण त्यांच्या मशीनला दोन स्नॅपशॉट आहेत. स्नॅपशॉट घेतला की व्हर्च्युअलबॉक्स मूळ व्हीडीआय फाइलमध्ये लिहिणे थांबवते आणि त्यानंतरचे सर्व बदल 'स्नॅपशॉट्स' या उपफोल्डरमधील वेगळ्या फाइलमध्ये साठवू लागते. दुसरा स्नॅपशॉट घेतला की आणखी एक फाइल सुरू होते. म्हणजे फोल्डरमध्ये ठळकपणे दिसणारी, मशीनचेच नाव असलेली मोठी फाइल ही आजची डिस्क नव्हे. ती पहिला स्नॅपशॉट घेतला त्या क्षणाची डिस्क आहे. ती नव्या मशीनला जोडली तर उबुंटू विनातक्रार सुरू होईल, पण डेटाबेस त्या जुन्या दिवसाचा दिसेल. अधिक धोक्याची गोष्ट अशी, की ते सुरू होताना मूळ फाइलमध्ये नवे लिखाण होईल, आणि ज्या पायावर पुढच्या फाइलींमधील फरक नोंदवलेले आहेत तो पायाच बदलल्यामुळे ते फरक निरर्थक ठरतील. आज केवळ सुरू न होणारे मशीन त्यानंतर खरोखरच नष्ट झालेले असेल.

स्नॅपशॉट पुसण्याच्या सल्ल्याबाबतही हेच म्हणेन. पुसणे म्हणजे तिथे प्रत्यक्षात फाइलींचे एकत्रीकरण असते. त्याला होस्टच्या डिस्कवर मोकळी जागा लागते आणि ते अर्धवट राहिल्यास दुखणे वाढते. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत या दोन्हींना हात लावू नये.

सर्वप्रथम व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करून मशीनचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. संपूर्ण म्हणजे त्यात सेटिंगची डॉट-व्हीबॉक्स फाइल, तिची आधीची प्रत असलेली व्हीबॉक्स-प्रेव्ह फाइल, मूळ व्हीडीआय, 'स्नॅपशॉट्स' उपफोल्डर आणि त्यातील डॉट-एसएव्ही फाइल, हे सगळे आले. या एसएव्ही फाइलमध्ये आपण सेव्ह केलेल्या क्षणाची मेमरी आणि प्रोसेसरची अवस्था आहे. ही प्रत केवळ जपून ठेवायची आहे. ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडायचा प्रयत्न केला तर दोन डिस्कचा यूयूआयडी एकच असल्याची तक्रार येईल, कारण फाइल नुसती कॉपी केली की आतील ओळखक्रमांकही तसाच कॉपी होतो.

आता दोषाविषयी. ०एक्स८०००४००५ या कोडवरून काहीही ठरवता येत नाही. ई_फेलचा अर्थ 'काम झाले नाही' एवढाच असून तो विंडोजमध्ये शेकडो निरनिराळ्या कारणांसाठी येतो, त्यामुळे तो कोड शोधयंत्रात टाकला की प्रत्येकाला आपापला उपाय खरा वाटतो. खरे कारण मशीनच्या फोल्डरमधील 'लॉग्ज' उपफोल्डरात, व्हीबॉक्स डॉट लॉग या फाइलमध्ये असते. आधीच्या वेळचे लॉग त्याच नावापुढे १, २, ३ असे आकडे लागून तिथेच राहतात, तेव्हा मशीन शेवटचे नीट चालले होते त्या वेळचा लॉग मिळत असेल तर तोही आताच बाजूला काढावा, कारण पुढच्या प्रत्येक प्रयत्नासरशी तो मागे सरकत जाऊन शेवटी पुसला जातो. दोन लॉग शेजारी ठेवून वाचणे हा माझ्या मते या कामातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी केला जाणारा भाग आहे.

लॉग वाचताना शेवटच्या ओळीकडे न जाता पहिली अडचण कुठे आली ते पाहावे. सुरू होण्याचा क्रम साधारण ठरलेला असतो: सेटिंगची फाइल वाचली जाते, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा ताब्यात घेतली जाते, डिस्कच्या फाइली उघडल्या जातात, सेव्ह केलेली अवस्था असेल तर ती परत भरली जाते, आणि त्यानंतरच गेस्टचा, म्हणजे मशीनच्या आतील उबुंटूचा, कारभार सुरू होतो. नवा लॉग तयारच झाला नसेल तर दोष त्याही आधीचा, म्हणजे ड्रायव्हरचा किंवा सुरक्षा-तपासणीचा असतो, आणि त्यासाठी शेजारचीच व्हीबॉक्स-हार्डनिंग लॉग ही फाइल पाहावी लागते. 'एचएम' किंवा 'एनईएम' अशी सुरुवात असलेल्या ओळी प्रोसेसरविषयीच्या, 'व्हीडी'च्या डिस्कविषयीच्या आणि 'एसएसएम'च्या सेव्ह केलेल्या अवस्थेविषयीच्या. आपल्या वर्णनात पट्टी थोडी पुढे सरकून थांबते असे आहे, त्यावरून गाडी पहिल्या टप्प्यांवर अडलेली दिसत नाही. या ओळी इथे द्याव्यात.

नवखा_प्रशासक

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. फोल्डरची प्रत बाह्य डिस्कवर घेतली. लॉगमध्ये तीन ठिकाणे लक्षणीय वाटली. सुरुवातीच्या भागात 'एचएमआरथ्रीइनिट: अटेम्प्टिंग फॉल बॅक टु एनईएम: व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल' अशी ओळ आहे. जुन्या, नीट चाललेल्या लॉगमध्ये ती नाही. त्यानंतर तिन्ही डिस्क-फाइली उघडल्याच्या नोंदी आहेत आणि तिथे कोणतीही तक्रार नाही. शेवटी, अवस्था परत भरत असताना, प्रोसेसरची एक सुविधा या होस्टवर उपलब्ध नाही, पण गेस्टला ती आधीच दाखवलेली आहे, अशा आशयाचे वाक्य असून त्यापुढे व्हीईआरआर_एसएसएम_लोड_सीपीयूआयडी_मिसमॅच असे लिहिले आहे.

मला समजत नाही ते हे, की प्रोसेसर तोच आहे, संगणक तोच आहे, मग कालपर्यंत असलेली सुविधा आज नाही असे कसे होईल? आणि व्हर्च्युअलायझेशन चालू असल्याचे टास्क मॅनेजर सांगत असताना व्हीटी-एक्स उपलब्ध नाही असे व्हर्च्युअलबॉक्स का म्हणते?

कर्नलकट्टा

या तीन नोंदींत पूर्ण निदान आलेले आहे. डिस्क शाबूत आहे, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

आधी दुसरा प्रश्न घेतो. इंटेलने व्हीटी-एक्स ही प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशन सुविधा २००५ साली आणि एएमडीने आपली तशीच सुविधा २००६ साली बाजारात आणली. या सुविधेत प्रोसेसरवर एका वेळी एकच हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) सर्वांत आतल्या, मालकी हक्काच्या स्तरावर बसतो. टास्क मॅनेजर फक्त एवढेच सांगतो की सुविधा बायोसमध्ये चालू आहे. ती सध्या कोणाच्या ताब्यात आहे ते तो सांगत नाही. आपण डब्ल्यूएसएल २ बसवले तेव्हा विंडोजचा 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' हा घटक चालू झाला, आणि त्याबरोबर हायपर-व्हीचा गाभा संगणक सुरू होतानाच प्रोसेसरचा ताबा घेऊ लागला. डब्ल्यूएसएलची एकही विंडो उघडी नसली तरी हे घडते, कारण त्यानंतर तुमचे विंडोजच त्या हायपरव्हायजरच्या वर चालत असते. कोअर आयसोलेशनमधील 'मेमरी इंटिग्रिटी', विंडोज सँडबॉक्स, क्रेडेन्शियल गार्ड यांचाही परिणाम हाच होतो, म्हणून 'मी तर हायपर-व्ही कधी बसवलेच नाही' हे म्हणणे पुष्कळदा प्रामाणिक असूनही उपयोगाचे नसते. खात्री करायची असल्यास कमांड प्रॉम्प्टवर सिस्टिमइन्फो ही आज्ञा द्यावी. तिच्या शेवटी हायपरव्हायजर आढळला असल्याचे वाक्य येईल.

पूर्वी अशा स्थितीत व्हर्च्युअलबॉक्स सरळ नकार देत असे. ६.० या आवृत्तीपासून त्याला एक पळवाट मिळाली: व्हीटी-एक्स थेट मिळाले नाही तर विंडोजच्या हायपरव्हायजरकडूनच सेवा मागून घ्यायची. लॉगमधील एनईएम तो हाच मार्ग. मशीनच्या विंडोच्या तळाशी प्रोसेसरच्या चिन्हाऐवजी हिरवे कासव दिसते तेव्हा हा मार्ग चालू आहे असे समजावे, आणि ते चित्र वेगाच्या बाबतीत पुरेसे बोलके आहे. ६.१ पासून सुविधेशिवाय केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर मशीन चालवण्याची जुनी पद्धत काढून टाकली गेली, त्यामुळे आता हे दोनच मार्ग शिल्लक आहेत.

आता पहिला प्रश्न. गेस्ट सुरू होतो तेव्हा तो प्रोसेसरला सीपीयूआयडी या सूचनेद्वारे 'तुला काय काय येते' असे विचारतो आणि मिळालेल्या उत्तरावर विसंबून आपले वागणे ठरवतो. उबुंटूचा कर्नल कोणत्या सूचना वापरून मेमरी कॉपी करायची, एनक्रिप्शनसाठी कोणता कोड चालवायचा, हे सुरुवातीलाच निवडतो आणि नंतर पुन्हा विचारत नाही. तुमची अवस्था सेव्ह झाली तेव्हा मशीन व्हीटी-एक्सवर थेट चालत होते आणि गेस्टला सुविधांची एक यादी दिलेली होती. आज तेच मशीन हायपर-व्हीच्या मार्गाने उभे राहत आहे, आणि त्या मार्गाने येणारी यादी तोकडी आहे. प्रोसेसर तोच असला तरी गेस्टपर्यंत पोचणारा प्रोसेसर बदललेला आहे. अशा वेळी मेमरी परत भरून गेस्ट पुढे चालू केला असता, तर नसलेली सूचना वापरायला जाऊन तो मध्येच कोसळला असता. तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स इथे अडून बसले आहे ते योग्यच आहे. सेटिंग राखाडी दिसण्याचे कारणही हेच: अवस्था सेव्ह असताना यंत्राची रचना बदलली तर ती अवस्था बसणार नाही, म्हणून ते पर्याय बंद केलेले असतात.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि त्यांतील पहिली मला श्रेयस्कर वाटते.

पहिली वाट म्हणजे सेव्ह करतानाची परिस्थिती तात्पुरती परत आणणे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बीसीडीएडिट' या आज्ञेने 'हायपरव्हायजरलाँचटाइप' ही नोंद 'ऑफ' करावी आणि संगणक रीस्टार्ट करावा. इथे 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे पुरेसे नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा झोपवून ठेवते आणि तोच परत उठवते. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर नव्याने सुरू होते. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एनक्रिप्शन) असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवावी, कारण बूटच्या रचनेत बदल झाल्यावर ती विचारली जाऊ शकते. त्यानंतर मशीन सुरू केल्यावर लॉगमध्ये फॉल बॅकची ती ओळ दिसता कामा नये. ती गेली की अवस्था परत भरली जाईल, टर्मिनल जशीच्या तशी उघडतील. त्यातील काम जतन करावे, डेटाबेसचा पीजी-डंप (बॅकअप) काढून गेस्टबाहेर ठेवावा आणि उबुंटूच्या आतून मशीन रीतसर शट डाउन करावे. पुन्हा 'सेव्ह' करू नये. नंतर तीच नोंद 'ऑटो' करून रीस्टार्ट केले की डब्ल्यूएसएल पूर्ववत होईल. जोवर ती 'ऑफ' आहे तोवर डब्ल्यूएसएल २ आणि त्यावर चालणारी साधने बंद राहतील, तेवढे गृहीत धरावे.

संगणक कार्यालयाचा असेल आणि मेमरी इंटिग्रिटी किंवा क्रेडेन्शियल गार्ड धोरण म्हणून चालू केलेले असेल, तर हे परस्पर करू नये. काही ठिकाणी ही संरक्षणे फर्मवेअरमध्येच कुलूपबंद केलेली असतात आणि तिथे ही नोंद बदलूनही हायपरव्हायजर जात नाही. शिवाय एका व्हर्च्युअल मशीनच्या सोयीसाठी सबंध संगणकाचे संरक्षण कायमचे उतरवून ठेवणे मला पटत नाही. तासाभरासाठी, हेतू ठरवून, ते चालू शकते.

दुसरी वाट म्हणजे सेव्ह केलेली अवस्था टाकून देणे. यासाठी मॅनेजरमध्ये 'डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट' हा पर्याय आहे, किंवा 'व्हीबॉक्समॅनेज डिस्कार्डस्टेट' आणि पुढे मशीनचे नाव अशी आज्ञा देता येते. नावामुळे भीती वाटते, पण यात डिस्कला किंवा स्नॅपशॉटला काही होत नाही; चालू संगणकाची वीज अचानक जावी एवढाच त्याचा अर्थ आहे. मेमरीत असलेले आणि डिस्कवर न पोचलेले जाते. उबुंटूची फाइलसिस्टिम एक्स्ट४ आपले जर्नल वाचून स्वतःला सावरते, पोस्टग्रेस्क्यूएल आपल्या आगाऊ लिहिलेल्या नोंदींवरून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा बसवते आणि अपूर्ण व्यवहार मागे घेते. संपादकात लिहून जतन न केलेला मजकूर मात्र गेला. एसएव्ही फाइलची प्रत तुम्ही घेतलेली असल्यामुळे 'ॲडॉप्टस्टेट' या आज्ञेने ती परत जोडण्याची शक्यता राहते, पण एक सक्त अट पाळावी लागेल: मधल्या काळात मशीन एकदाही सुरू झालेले नसावे. डिस्क पुढे गेली आणि मेमरी मागची राहिली, तर कर्नल आपल्या जुन्या समजुतीनुसार डिस्कवर लिहू लागेल आणि फाइलसिस्टिमची वाट लागेल.

मंद_कर्सर

कर्नलकट्टा यांच्या उत्तराला एक पुरवणी. प्रश्नकर्त्यांचे दोन स्नॅपशॉट मशीन चालू असताना घेतलेले असतील, तर त्या प्रत्येकाबरोबरही मेमरीची अवस्था साठवलेली आहे आणि तीही त्याच जुन्या सीपीयूआयडीशी बांधलेली आहे. म्हणजे पुढे कधी त्या स्नॅपशॉटवर परतायची वेळ आली आणि तेव्हा हायपर-व्ही चालू असला, तर हाच संदेश पुन्हा समोर येईल. तसे झाले तर स्नॅपशॉट खराब झाला असे समजून तो पुसू नये. त्यावर परतल्यानंतर मशीन 'सेव्ह्ड' स्थितीत येते. ती अवस्था तेवढी टाकली की त्या क्षणाची डिस्क व्यवस्थित सुरू होते. यापुढे स्नॅपशॉट शक्यतो मशीन बंद असताना घ्यावेत. ते आकारानेही लहान राहतात, कारण त्यांत मेमरीचा भाग नसतो.

पेंग्विन_पहारेकरी

विषय विंडोजचा असला तरी लिनक्स होस्टवरून इथे पोचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण तिथेही हाच मालकीचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. लिनक्सवर प्रोसेसरचा ताबा केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधील हायपरव्हायजर, घेते. पूर्वी केव्हीएमचे मॉड्यूल लोड झालेले असले तरी त्यावर एखादे मशीन चालू होईपर्यंत ते सुविधेला हात लावत नसे, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स आणि केव्हीएम आळीपाळीने नांदत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ या कर्नलपासून मॉड्यूल लोड होताच ताबा घेतला जातो, आणि मग कर्नल अपडेट केल्यावर व्हर्च्युअलबॉक्स 'व्हीएमएक्स रूट मोड'विषयी तक्रार करून थांबते. केव्हीएम वापरात नसेल तर केव्हीएम-इंटेल किंवा केव्हीएम-एएमडी हे मॉड्यूल उतरवावे. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर कर्नलच्या बूट-ओळीत केव्हीएमचे 'एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड' हे पॅरामीटर शून्य करावे.

दुसरे नेहमीचे कारण याहून साधे असते. कर्नल बदलला की व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीबॉक्सड्रव्ह हे मॉड्यूल त्या कर्नलसाठी नव्याने बांधावे लागते. हेडरचे पॅकेज नसेल तर ते बांधले जात नाही, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर बांधलेले मॉड्यूलही सही नसल्यामुळे कर्नल नाकारतो. या दोन्ही वेळी मशीनमध्ये दोष शोधत बसण्यात अर्थ नसतो.

नवखा_प्रशासक

पहिली वाट घेतली आणि मशीन सुरू झाले. क्रम असा: 'हायपरव्हायजरलाँचटाइप' ऑफ केले, रीस्टार्ट केले, सिस्टिमइन्फोच्या शेवटी हायपरव्हायजर आढळल्याचे वाक्य उरले नसल्याची खात्री केली आणि मग मशीन चालू केले. रिस्टोअरिंगची पट्टी शेवटपर्यंत गेली. टर्मिनल, त्यांतील चालू असलेली एक लांबलचक क्वेरी आणि संपादकात जतन न केलेली एक स्क्रिप्ट, सगळे जागेवर होते. अवस्था टाकून दिली असती तर ती स्क्रिप्ट गेली असती. क्वेरीने मात्र जोडणी तुटल्याचा संदेश दिला, कारण ती दुसऱ्या सर्व्हरशी बोलत होती आणि मधल्या काळात त्या सर्व्हरने वाट पाहणे सोडून दिले होते. पीजी-डंप काढून बाहेर ठेवला, मशीन रीतसर बंद केले.

त्यानंतर नोंद पुन्हा 'ऑटो' केली. आता मशीन हायपर-व्हीच्या मार्गानेही सुरू होते आणि तळाशी कासव दिसते. साधे काम चालते, पण डेटाबेसचा इंडेक्स पुन्हा बांधायला घेतला की वेगातला फरक स्पष्ट जाणवतो. दोन शंका उरल्या आहेत. डब्ल्यूएसएलही हवे आणि हे मशीनही पूर्ण वेगाने हवे, तर दर वेळी ती नोंद हाताने बदलत राहणे एवढाच उपाय आहे का? आणि स्नॅपशॉटच्या साखळीतून बाहेर पडून एकच सलग डिस्क हवी असेल, तर ती सुरक्षितपणे कशी करावी?

कर्नलकट्टा

स्क्रिप्ट वाचली हे उत्तम झाले.

दोन्ही एकाच वेळी, पूर्ण वेगाने, हे शक्य नाही. ताबा एकाचाच राहणार. मात्र नोंद दर वेळी बदलण्याची गरज नाही. 'बीसीडीएडिट'च्या 'कॉपी' या पर्यायाने सध्याच्या बूट-नोंदीची प्रत करून तिला 'हायपरव्हायजरविना' असे काही नाव द्यावे. आज्ञा दिल्यावर त्या प्रतीचा ओळखक्रमांक महिरपी कंसात छापून येतो. तो क्रमांक घेऊन फक्त त्या प्रतीपुरती 'हायपरव्हायजरलाँचटाइप' ही नोंद ऑफ करावी. मूळ नोंद जशी आहे तशी राहते. संगणक सुरू होताना निवडीचा पडदा येईल आणि त्या दिवशीच्या कामानुसार एक पर्याय निवडता येईल. विंडोज एकच असते. फरक केवळ हायपरव्हायजर उठवला जातो की नाही एवढाच. या व्यवस्थेत एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल: एका पर्यायाखाली 'सेव्ह' केलेले मशीन दुसऱ्याखाली उघडू नये. दोहोंमध्ये ये-जा करायची असेल तर गेस्ट दर वेळी शट डाउन करावा. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती बदलण्यापूर्वीही मी तसेच करतो.

कासवाच्या मार्गानेच राहायचे ठरवले, तर त्या मशीनला दिलेल्या प्रोसेसरची संख्या कमी करून पाहावी. अधिक दिले म्हणजे वेग वाढतो असे नाही. त्या मार्गावर कधी कधी उलटे घडते.

डिस्क सलग करण्यासाठी मशीन बंद असताना 'व्हीबॉक्समॅनेज क्लोनमीडियम' ही आज्ञा वापरावी. तिला मूळ व्हीडीआय न देता साखळीतील शेवटची, म्हणजे सध्या मशीनला जोडलेली फाइल द्यावी. ती कोणती हे मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये दिसते. आज्ञा संपूर्ण साखळी वाचून आजच्या स्थितीची एकच स्वतंत्र डिस्क तयार करते, तिला नवा यूयूआयडी देते आणि जुन्या फाइलींना स्पर्श करत नाही. त्यासाठी होस्टवर गेस्टमध्ये वापरलेल्या जागेइतकी, किंबहुना थोडी जास्तच, जागा मोकळी हवी, कारण डायनॅमिक डिस्कमध्ये पुसलेल्या फाइलींचेही अवशेष राहतात. ती नवी डिस्क नव्या मशीनला जोडून डेटाबेस तपासावा. चटकन_उपाय यांची सूचना इथे अगदी योग्य जागी बसते. नव्या मशीनमध्ये चिपसेट, ईएफआय चालू आहे की नाही आणि डिस्क-कंट्रोलरचा प्रकार जुन्यासारखाच ठेवावा, नाहीतर डिस्क निर्दोष असूनही बूटलोडर सापडत नसल्याचा संदेश येईल. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता बदलला तर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क-सेटिंगमध्ये) तो लिहून ठेवला आहे का तेही पाहून घ्यावे. काही दिवस त्यावर काम व्यवस्थित चालले की मग जुने मशीन स्नॅपशॉटसकट काढून टाकायला हरकत नाही. बाह्य डिस्कवरची प्रत तोपर्यंत पुसू नये.